फुटबॉलच्या सरांना निरोपाचा सामना द्यायचाय? जोडणी अशी लावा

तीस-पस्तीस वर्षं जो माणूस सकाळी साडेसहाला मैदानावर शिट्टी घेऊन उभा राहिला, त्याला शाळेच्या हॉलमध्ये पंख्याखाली बसवून शाल-श्रीफळ द्यायचं आणि एका तासात मोकळं व्हायचं, हे मला पटत नाही. क्रीडाशिक्षकाला निरोप मैदानावरच द्यायला हवा. कोल्हापुरात तर याला दुसरा पर्यायच नाही. इथं पाटाकडील, खंडोबा, दिलबहार, बालगोपाल, शिवाजी तरुण मंडळ, प्रॅक्टिस, अशा तालमी-मंडळांच्या संघांची नावं पोरांना पाढ्यांआधी पाठ होतात आणि शाहू स्टेडियमवर खेळणाऱ्या जवळपास प्रत्येकाच्या पायाला पहिलं वळण शाळेतल्या एखाद्या सरांनी लावलेलं असतं.

पण अशा सामन्याची जोडणी नीट लागली नाही, तर त्याचाही सत्कार समारंभच होतो. पाहुण्यांची वाट बघण्यात ऊन चढतं, भाषणं लांबतात, चाळिशीतले तीन माजी विद्यार्थी पोटरी धरून बसतात आणि सर एका कोपऱ्यात फेटा सांभाळत उभे राहतात. ते टाळण्यासाठी काय करायचं, ते इथं क्रमाने लिहितो. उदाहरणं कोल्हापूरची आहेत, कारण हेच मैदान मला माहीत आहे. सांगली, पुणे किंवा मडगावला हवामान आणि सणवार बघून तारखा बदलून घ्या.

सगळ्यात आधी सरांना विचारा

सरांना न सांगता सगळं ठरवायचं आणि ऐनवेळी मैदानावर आणून चकित करायचं, असा बेत कुणीतरी मांडतंच. तो करू नका. अठ्ठावन्न वर्षांचा माणूस, त्याचे गुडघे, रक्तदाब, घरचे कार्यक्रम, यांचा विचार त्याला न विचारता कसा होणार? शिवाय तीन दशकं संघ निवडणाऱ्या माणसाचं आपल्या शेवटच्या सामन्याबद्दल काही म्हणणं असणारच. दोघा-तिघांनी घरी जावं, चहा घ्यावा आणि थेट विचारावं: सर, खेळणार का? कुणाला बोलवायलाच हवं? कुणी राहून जायला नको?

बहुतेक सर सुरुवातीला “कशाला रे एवढं” असंच म्हणतात. तिथं थांबू नका. शेवटचा प्रश्न पुन्हा विचारा. त्यातून जी नावं निघतात, ती तुमच्या यादीत कधीच आली नसती. एखादा गोलकीपर, जो नववीतच शाळा सोडून वर्कशॉपला लागला. मैदानावर पाणी मारणारे शिपाईमामा. पूर्वीच्या एखाद्या मुख्याध्यापिका, ज्यांनी बुटांसाठी पैसे मंजूर केले. ही नावं सरांसमोरच वहीत लिहून घ्या.

सरांच्या घरच्यांशीही त्याच दिवशी बोला. इतकी वर्षं रविवार, मे महिन्याची सुट्टी आणि स्पर्धांचे दौरे त्यांनीही सोसलेत. काकूंना पहिल्या रांगेत बसवणं एवढ्यावर हे भागत नाही. दिवस ठरवताना त्यांचं मत घ्यायला हवं.

तारीख: इथंच निम्मं काम आहे

अनुदानित माध्यमिक शाळेतले शिक्षक वयाच्या अठ्ठावन्नाव्या वर्षी, महिन्याच्या शेवटच्या दिवशी निवृत्त होतात. जुन्या काळी शाळेत नाव घालताना जन्मतारीख नक्की माहीत नसली की गुरुजी १ जून टाकून मोकळे होत. त्यामुळे त्या पिढीतल्या पुष्कळ शिक्षकांची कागदावरची जन्मतारीख १ जून आहे. महिन्याच्या एक तारखेला जन्मलेला कर्मचारी आदल्या महिन्याच्या अखेरीस निवृत्त होतो, म्हणजे ३१ मे. तेव्हा शाळेला सुट्टी, मुलं गावाला आणि डोक्यावर मृगाचे ढग. सरांची तारीख ३१ मे असेल, तर सामना त्या दिवशी घेण्याचा हट्ट सोडा.

मग कधी? शाळेचा खरा फुटबॉल पावसाळ्यातला. सुब्रतो चषक या शाळांच्या देशपातळीवरच्या फुटबॉल स्पर्धेच्या जिल्हा फेऱ्या आणि शालेय स्पर्धा याच दिवसांत, चिखलात होतात. तेव्हा खेळणारी दहावीची मुलं पुढं बोर्डाच्या अभ्यासाला लागतात आणि मार्चमध्ये परीक्षा संपेपर्यंत त्यांचं तोंड दिसत नाही. सरांच्या हाताखालचा शेवटचा संघ म्हणजे हीच मुलं. ती नसतील तर या सामन्याला अर्थ नाही. खालच्या वर्गांच्या वार्षिक परीक्षा अलीकडे एप्रिलच्या तिसऱ्या-चौथ्या आठवड्यापर्यंत लांबतात. हे सगळं जुळवलं की एप्रिलचा शेवटचा रविवार सापडतो. तो नाही जमला तर १ मे. त्या दिवशी झेंडावंदनाला शाळा भरलेलीच असते.

दोन गोष्टी कॅलेंडरात बघून घ्या. चैत्र पौर्णिमेला जोतिबाची यात्रा असते. त्या दोन-तीन दिवसांत निम्मं कोल्हापूर डोंगरावर असतं, पोलीसही बंदोबस्तात. आणि मे महिन्याच्या पहिल्या रविवारी बहुधा ‘नीट’ असते, त्यामुळे बारावी दिलेली मुलं येणार नाहीत.

वेळ सकाळचीच धरा. संध्याकाळी गार वारं सुटतं हे खरं, पण एप्रिल-मेमध्ये चारनंतर वळीव कधी येईल याचा नेम नाही आणि वळीव विजांसकट येतो. उघड्या मैदानावर, लोखंडी गोलपोस्टजवळ शंभर माणसं असताना वीज कडाडली तर सामना लगेच थांबवावा लागतो आणि शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास तरी परत सुरू करायचा नसतो. सकाळी सातला पहिली शिट्टी वाजली, तर साडेआठपर्यंत सामना आटोपतो.

तयारीला दोन महिने हातात ठेवा. त्यातला निम्मा वेळ पुढच्या कामात जाईल.

माजी विद्यार्थी शोधणं

व्हॉट्सअॅपच्या ग्रुपवर निरोप टाकला की झालं, असं वाटतं. ग्रुपवर येतात ती चाळीस-पन्नास माणसं, जी नेहमीच येतात. पुढं जिल्ह्याकडून खेळलेले, पोलिसांत किंवा रेल्वेत खेळाडू म्हणून लागलेले, तालमीच्या संघात नाव कमावलेले. २०१७ साली भारतात झालेल्या सतरा वर्षांखालील विश्वचषकात भारताकडून खेळलेला अनिकेत जाधव कोल्हापूरचा, याचा सगळ्या शहराला अभिमान आहे. पण शाळेच्या सरांच्या हाताखालून जाणाऱ्या शंभरांतले नव्व्याण्णव असे असतात की ज्यांचं नाव पेपरात कधीच येत नाही. अकरांत जागा न मिळालेली, तरी रोज सरावाला येणारी पोरं. आज कुणाचं किराणा दुकान आहे, कुणी गाडी चालवतो, कुणी शेतात आहे. हा सामना त्यांच्यासाठी आधी, नामवंतांसाठी नंतर, हे एकदा ठरवलं की पुढचे पुष्कळ निर्णय सोपे होतात.

त्यांना शोधायची जागा म्हणजे शाळेचं दप्तर. शालेय स्पर्धेला संघ पाठवताना प्रवेश-अर्ज भरावा लागतो. त्यावर खेळाडूंची नावं, जन्मतारखा, इयत्ता आणि बऱ्याचदा चिकटवलेले छोटे फोटो असतात. त्याच्या स्थळप्रती क्रीडा विभागाच्या कपाटात, जुन्या फाइलींत पडलेल्या असतात. मुख्याध्यापकांची परवानगी घेऊन त्या शाळेतच बसून बघा, बाहेर नेऊ नका. जोडीला कार्यालयाबाहेर लावलेले संघांचे फोटो घ्या. फोटोखाली नावं लिहिलेली असतील तर उत्तम. नसतील तर एका बॅचचा एक माणूस गाठून ओळख पटवा.

प्रत्येक चार-पाच बॅचमागे एक जण जबाबदार धरा. ग्रुपवर निरोप टाकून थांबायचं नाही, फोन करायचा. फोनवर तीन गोष्टी विचारायच्या: येणार का, खेळणार की बघणार आणि तब्येतीचं काही आहे का. ज्यांच्याकडे प्रवासखर्चाची अडचण असेल त्यांची सोय जबाबदार माणसाने गुपचूप करायची, त्याचा ग्रुपवर उल्लेखही नको.

मुलींचे संघ विसरू नका. सरांनी मुलींचा संघ उभा केला असेल, तर त्या मुली आज लग्न होऊन इचलकरंजी, कराड, पुण्याला असतील. नाव बदललेलं असतं, नंबर कुणाकडेच नसतो. त्यांना शोधायचं काम त्यांच्यातल्याच एकीवर सोपवा, ती आठवड्यात सगळ्या जमवेल.

आणि शेजारच्या शाळांच्या प्रशिक्षकांना आवर्जून निमंत्रण द्या. आयुष्यभर ज्यांच्याविरुद्ध संघ उतरवले, त्या माणसांइतकं सरांचं काम दुसऱ्या कुणाला कळलेलं नसतं.

संघ कसे पाडायचे

“माजी विरुद्ध आजी” हा सामना ऐकायला छान वाटतो, पण तो घेऊ नका. ऐंशी किलोचा तिशीतला गडी चौदा वर्षांच्या पोराला धडकला, तर काय होईल ते सांगायला नको. तसंच तालमीनुसार संघ मुळीच पाडू नका. एकाच सरांची पोरं आज वेगवेगळ्या तालमींत आहेत. एक पाटाकडीलचा कट्टर, दुसरा खंडोबाचा. त्या दिवशी तालमीचे झेंडे, जर्सी, घोषणा गेटच्या बाहेर ठेवायच्या आणि हे आधीच प्रत्येकाच्या कानावर घालायचं.

मला सगळ्यात चांगली वाटलेली पद्धत अशी. शाळेच्या दोन रंगांचे दोन संघ करा. दहावी पास झाल्याचं साल सम असेल तर एक रंग, विषम असेल तर दुसरा. वशिला नाही, वाद नाही, आणि सख्खे भाऊही समोरासमोर येऊ शकतात. गोलफलक एकच, पण सामन्याचे प्रत्येकी पंधरा मिनिटांचे चार डाव:

पहिला डाव चाळिशीच्या पुढच्यांचा. सात वाजता हवा गार असते, म्हणून सगळ्यात वयस्करांना सगळ्यात आधी उतरवायचं. दुसरा डाव विशी-तिशीतल्यांचा. हा वेगवान होतो, प्रेक्षक इथंच जमतात. तिसरा मुलींचा आणि महिलांचा. चौथा आजच्या शाळेच्या संघाचा, दोन्ही बाजूंना वाटून, आणि या डावात सर.

मधे सात-सात मिनिटांची विश्रांती धरली तरी दीड तासाच्या आत सगळं बसतं. प्रत्येक डावाला दोन्हीकडून अकरा खेळाडू आणि बाकावर पाच धरले, तर चार डावांत सव्वाशे लोकांना खेळता येतं. बदली खेळाडू कितीही वेळा आत-बाहेर करू शकतो, असा नियम ठेवा. मुलांच्या, वयस्कर खेळाडूंच्या आणि हौशी सामन्यांना अशी सूट द्यायला फुटबॉलच्या नियमावलीतच वाव आहे. मात्र बाकावर घड्याळ घेऊन एक कडक माणूस बसवा. प्रत्येकाला किमान पाच मिनिटं मिळालीच पाहिजेत, आणि पूर्वी ज्यांना बाकावरच बसावं लागलं त्यांना सुरुवातीच्या अकरांत घ्या.

पाचवी-सहावीची चिमुकली मुलं असतील, तर त्यांचा सात-सात जणांचा छोटा सामना मधल्या विश्रांतीत अर्ध्या मैदानावर घेता येतो. त्यांना चार नंबरचा बॉल द्या, मोठ्यांचा पाच नंबरचा जड जातो.

सध्या तालमीच्या संघाकडून नोंदणी होऊन खेळणारा माजी विद्यार्थी असेल, तर त्याने आपल्या संघाच्या व्यवस्थापकाला विचारून यावं. हंगाम चालू असताना मैत्रीच्या सामन्यात पाय मुरगळला तर दोन्हीकडून बोल लागतो.

सरांनी नेमकं काय करायचं

दोन वाटा आहेत, निवड त्यांची. खेळायची इच्छा आणि तब्येत असेल तर चौथ्या डावात शेवटची पाच-सात मिनिटं, मधल्या फळीत, जिथं जागेवर राहूनही पास देता येतात. खेळणं शक्य नसेल तर त्याच डावाची सुरुवातीची किक, आणि मग एका संघाच्या बाकावर प्रशिक्षक म्हणून. मला स्वतःला ही दुसरी वाट जास्त आवडते. सरांना त्यांच्या कामाच्या जागी बघायला मुलं आलेली असतात, आणि बाकावरून त्यांची हाक आली की पन्नाशीतला माणूसही मागं धावतो. पंच म्हणून मात्र त्यांना उभं करू नका. पंचाला सगळ्यांत जास्त धावावं लागतं, आणि त्या दिवशी निर्णयांचा ताण त्यांच्यावर कशाला?

एक गोष्ट कळकळीने सांगतो. सर खेळले आणि त्यांच्या पायात बॉल आला, तर बचावफळीने बाजूला होऊ नये, गोलकीपरने मुद्दाम उलट्या बाजूला झेप घेऊ नये. धक्काबुक्की नको, एवढंच. ज्यांनी तुम्हाला शेवटच्या मिनिटापर्यंत खेळायला शिकवलं, त्यांना खोटा गोल पहिल्या क्षणी कळतो. गोल झाला तर खरा होऊ द्या, अडवला तर गोलकीपरच्या पाठीवर पहिली थाप सरांचीच पडेल.

मैदान आखणं

सामना भाड्याच्या स्टेडियमवर घ्यावा का, हा प्रश्न निघतो. शाळेचं मैदान कितीही उखडलेलं असलं तरी सामना तिथंच घ्या. सरांनी त्याच मातीत काम केलंय.

आठवडाभर आधी मैदानाच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत मुलांची रांग करून चालत जा. खडे, काचा, खिळे, बाटल्यांची झाकणं वेचा. खड्ड्यांत मुरूम न टाकता चाळलेली माती भरा, पाणी मारा, धुम्मस करा. आदल्या संध्याकाळी सगळ्या मैदानावर पाण्याचा हलका सडा मारला की सकाळी धूळ उडत नाही. चिखल होईल इतकं पाणी नको.

आखणीला लागतं ते असं: ५० किंवा १०० मीटरची टेप, सुतळीचे दोन गुंडे, लोखंडी खुंट्या, हातोडी आणि फक्की, म्हणजे रेषा आखायची पांढरी पूड. फक्की घेताना कळीचा चुना अजिबात नको. तो ओला झाला की तापतो, कातडी आणि डोळे भाजतो. खडूची पूड सगळ्यात सुरक्षित. साधी फक्की वापरली तरी टाकणाऱ्याने चष्मा लावावा, आणि कुणाच्या डोळ्यात गेलीच तर चोळायचं नाही. लगेच भरपूर स्वच्छ पाणी मारत राहायचं आणि दवाखाना गाठायचा.

मोठ्यांच्या मैदानाची लांबी ९० ते १२० मीटर आणि रुंदी ४५ ते ९० मीटर चालते. शाळेत जागा असेल तर ९० बाय ६० धरा, हिशोब सोपा जातो. आधी एक बाजूची रेष सुतळीने ताणा. कोपऱ्याच्या खुंटीपासून त्या रेषेवर ८ मीटरवर खूण करा, दुसऱ्या दिशेला ६ मीटर मोजा. या दोन खुणांमधलं अंतर बरोबर १० मीटर आलं की कोपरा काटकोनात बसला. चारही कोपरे झाले की दोन्ही कर्ण मोजा. ९० बाय ६० ला कर्ण १०८ मीटर १७ सेंटिमीटर येतो. दोन्ही कर्ण सारखे आले तरच फक्कीला हात लावा. हे न करता नजरेने आखलेलं मैदान एका टोकाला निमुळतं होतं.

गोलरेषेवर कोपऱ्यापासून टेप धरून या ठिकाणी खुणा करा: ९.८४, २०.८४, २६.३४, ३३.६६, ३९.१६ आणि ५०.१६ मीटर. मधल्या दोन खुणा म्हणजे गोलखांबांच्या आतल्या कडा, त्यांच्यातलं अंतर ७.३२ मीटर. त्यांच्या बाहेरच्या दोन खुणांवरून आत ५.५ मीटर गेलं की गोलसमोरचा छोटा चौकोन, आणि सगळ्यात बाहेरच्या दोन खुणांवरून आत १६.५ मीटर गेलं की पेनल्टीचा मोठा चौकोन. पेनल्टीची खूण गोलरेषेच्या मध्यापासून ११ मीटरवर. मधलं वर्तुळ काढायला खुंटीला ९.१५ मीटरची सुतळी बांधून फिरवा. तीच सुतळी पेनल्टीच्या खुणेवर धरली की चौकोनाबाहेरची कमान निघते. कॉर्नरला १ मीटर त्रिज्येचं पाव वर्तुळ. रेषेची रुंदी १२ सेंटिमीटरपेक्षा जास्त नको.

फक्की टाकायला तळाला भोकं पाडलेला डबा चांगला. सुतळीच्या एका अंगाने डबा हलकेच आपटत उलटं चालायचं. रेष सरळ येते आणि आपले पायही तिच्यावर पडत नाहीत. दहावीच्या मुलांना हे काम द्या, शेजारी शिपाईमामांना बसवा.

मैदान लहान असेल तर अकरांचा अट्टहास नको, नऊ-नऊ किंवा सात-सात जणांचे डाव करा.

गोलपोस्ट जमिनीत पक्के गाडलेले नसतील, हलवता येणारे असतील, तर मागच्या दांड्यावर वाळूची पोती टाकून आणि खुंट्या ठोकून ते जखडून ठेवा. मोकळा गोलपोस्ट मुलं लोंबकळली की पुढं पडतो आणि त्यात जीव गेल्याच्या घटना जगभर घडल्या आहेत. इथं तडजोड नाही. जाळी आदल्या दिवशीच बांधून भोकं शिवून घ्या.

पंच आणि साहित्य

पंच रीतसर परीक्षा पास झालेला, शाळेच्या बाहेरचा घ्या. मैत्रीचा सामना आहे म्हणून शिट्टी कुणाच्याही तोंडात देऊ नका, कारण भांडण याच सामन्यात जास्त चटकन होतं. पाच नंबरचे चार बॉल, हवा बेताची. जुन्या मंडळींच्या पायाला दगडासारखा टणक बॉल झेपत नाही. नडगी वाचवणारे शिनपॅड सगळ्यांना सक्तीचे. जर्सी छापण्यावर पैसा उडवण्यापेक्षा दोन रंगांचे बिब (शर्टावरून घालायच्या बिनबाह्यांच्या बंड्या) आणा आणि धुऊन शाळेला देऊन टाका.

तब्येतीचा विचार

वर्षानुवर्षं न धावलेला माणूस माजी सहकाऱ्यांसमोर जोशात येऊन धावतो, तिथं धोका असतो. चाळिशीपुढच्या प्रत्येकाला महिनाभर आधी सांगा: रोज अर्धा तास चाला, आठवड्यातून दोनदा हळू धावा, आणि मधुमेह, रक्तदाब किंवा छातीत कधी दुखलं असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय खेळू नका. सामन्याआधी पंधरा मिनिटं सगळ्यांनी एकत्र अंग मोकळं करायचं. ते सरांच्या शिट्टीवर घेतलं तर एकही माणूस चुकवणार नाही.

माजी विद्यार्थ्यांत एखादा डॉक्टर असतोच. त्याला खेळू देऊ नका, त्या दिवशी तो बाकावर. जवळचं चोवीस तास चालणारं हॉस्पिटल कोणतं, तिथं जायचा रस्ता कोणता, मैदानापर्यंत गाडी आत येते का, हे बघून ठेवा. १०८ ला फोन कोण करणार तेही ठरवा. कुणी अचानक कोसळला, हाकेला प्रतिसाद नाही आणि श्वास नीट चालत नाही, तर वाट न बघता छातीच्या मध्यभागी दाब द्यायला सुरुवात करायची: मिनिटाला १०० ते १२०, दर वेळी पाच ते सहा सेंटिमीटर खोल. हे येणारी चार माणसं मैदानावर हवीत, नसतील तर डॉक्टरकडून आधीच शिकून घ्या. डोक्याला मार लागलेला खेळाडू “मी बरा आहे” म्हणाला तरी त्या दिवशी परत उतरवायचा नाही.

खेळाडूमागे एक लिटर पाणी धरा. सव्वाशे खेळाडूंना वीस लिटरचे सात जार आणि प्रेक्षकांसाठी आणखी पाच-सहा. लिंबू सरबतात मीठ विसरू नका. पोहे, शिरा, चहा सामन्यानंतरच.

परवानगी आणि पैसा

मुख्याध्यापक आणि संस्था यांची लेखी परवानगी, ध्वनिक्षेपकासाठी पोलीस ठाण्यात अर्ज, एवढं दोन-तीन आठवडे आधी उरका. फटाके नकोत. हलगी हवी असेल तर शेवटी वाजू द्या, सामना चालू असताना पंचाची शिट्टी ऐकू आली पाहिजे.

पैसे एकाच खात्यावर घ्या, व्यवहार दोघांच्या नजरेखाली ठेवा आणि दर रविवारी जमा-खर्च ग्रुपवर टाका. देणाऱ्याची रक्कम जाहीर करू नका, फक्त नाव. पन्नास रुपये देणारा आणि पाच हजार देणारा एकाच यादीत, अकारविल्हे. सरांना थैली द्यायची असेल तर आधी मुख्याध्यापकांशी बोला. शिक्षक सेवेत असताना काय घ्यावं याचे नियम असतात.

पाहुणे, सत्कार आणि भाषणं

शिट्टी सातला म्हणजे सातला. पाहुणे आले नाहीत म्हणून सामना थांबवायचा नाही, आणि हे निमंत्रण देतानाच नम्रपणे सांगायचं. प्रमुख पाहुणा एकच. मैदानात व्यासपीठ उभारू नका, बाजूच्या रेषेबाहेर मांडवात दहा खुर्च्या पुरे.

सत्कार सामन्यानंतर. शेवटची शिट्टी झाली की सगळे सव्वाशे खेळाडू मधल्या रेषेपासून शाळेच्या दारापर्यंत दोन रांगांत उभे राहतील, आणि सर मधून चालत जातील. ६ जून २०२४ ला कोलकात्यात कुवेतविरुद्धच्या शेवटच्या आंतरराष्ट्रीय सामन्यानंतर सुनील छेत्रीला सहकाऱ्यांनी असाच मान दिला होता. सामना गोलशून्य सुटला होता, पण तो क्षण लोकांच्या लक्षात राहिला. रांगेत सगळ्यात पुढं पाचवीची मुलं आणि शेवटी सगळ्यात जुनी बॅच असू द्या.

भाषणं तीन, प्रत्येकी तीन मिनिटं. एक माजी विद्यार्थी, एक आजचा किंवा आजची खेळाडू, एक शेजारच्या शाळेचे प्रशिक्षक. मग सर, त्यांना वेळेचं बंधन नाही. बोलणाऱ्यांना आधीच सांगा की “सर म्हणजे वटवृक्ष” असलं काही नको, एकच घडलेला प्रसंग सांगा. कोणत्या मॅचला, कुणाला, काय म्हणाले. फेटा बांधायचा तर तो याच वेळी, आणि काकूंचाही मान सरांबरोबर.

द्यायचं काय

चांदीची मूर्ती आणि मोठी फ्रेम घरात जागा अडवते. माझं मत एका वहीचं आहे. शाळेच्या दप्तरात बसून तुम्ही प्रवेश-अर्ज शोधलेच आहेत, तर त्यावरून सरांच्या सगळ्या संघांची नोंद करा. एका वर्षाला एक पान. वर साल आणि स्पर्धा. खाली प्रत्येक खेळाडूचं नाव, जागा आणि इयत्ता, बाकावरच्यांसकट. समोर तो आज कुठं आहे, काय करतो. मिळाला तर संघाचा फोटो. हयात नसलेल्यांचं नावही त्याच ओळीत, त्याच अक्षरात. काही वर्षांचे अर्ज सापडणार नाहीत. ती पानं कोरी ठेवा, बरेचदा सर स्वतःच आठवून भरतात. वही हाताने लिहा किंवा टाइप करा, पण बांधणी पक्की घ्या, आणि एक प्रत शाळेच्या ग्रंथालयात द्या.

सामना झाल्यावर

कचरा उचलणं, जाळ्या सोडणं, बॉल मोजून परत देणं यासाठी दहा जण आधीच नेमा, नाहीतर सर स्वतः सरावाचे प्लास्टिकचे कोन गोळा करायला लागतील. आठवड्याच्या आत अंतिम हिशोब ग्रुपवर टाका. लहान मुलांचे फोटो पालकांना विचारल्याशिवाय कुठं टाकू नका.

जूनमध्ये शाळा उघडेल तेव्हा सरावाला कोण उभं राहणार, याचं उत्तर मात्र सामन्याच्या आधी मिळवा. क्रीडाशिक्षकाची जागा लगेच भरली जाईलच असं नाही, आणि जुलैत सुब्रतोच्या फेऱ्या उभ्या राहतात. माजी खेळाडूंपैकी दोघं-तिघं आठवड्यातून चार सकाळी यायला तयार असतील, तर मुख्याध्यापकांना तसं पत्र द्या. सरांबरोबर बसून साहित्याची यादी करा: बॉल किती, त्यातले शिवायला झालेले किती, जाळ्या, पंप, सुया, कोन, प्रथमोपचाराची पेटी. भांडाराची किल्ली सरांनी या लोकांच्या हातात सामन्याच्या दिवशी, सगळ्यांसमोर द्यावी. उरलेल्या पैशांचं काय करायचं हे वर्गणी गोळा करतानाच लिहून ठेवा. आम्ही बूट सुचवतो, कारण पाचवीत येणारं दर तिसरं पोर अनवाणी खेळायला उतरतं. मापं शाळा उघडल्यावर पहिल्या आठवड्यात घ्या. एप्रिलमध्ये घेतलेलं माप पावसाळ्यापर्यंत पायाला होत नाही.